वेगळं ताट

मी सांगलीची. हळदीच्या वासात वाढलेल्या माणसाला मसाल्यातलं सगळं कळतं, असा माझा पक्का समज होता. लग्न होऊन वर्ध्याला आले आणि सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात तो मोडीत काढला. मीराबाई त्यांचं नाव. त्यांच्या लेखी मसाल्याचा डबा म्हणजे दवाखाना. पोटात दुखलं की ओवा, सर्दीला सुंठ, झोप येईना की दुधात जायफळ. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात तर या दवाखान्याला नुसता ऊत यायचा. सोळा भाज्या हिंगाने पचतात, पुरण जायफळाने, कढी मेथ्यांनी. मी मान डोलवायचे. सावंगीच्या मेडिकल कॉलेजात लायब्ररी सांभाळणाऱ्या सुनेने एवढं तरी सौजन्य दाखवायला हवं.

मागच्या वर्षी महालक्ष्म्या झाल्या आणि पंधरवड्यातच माझं पोटातलं बाळ गेलं. तिसरा महिना होता. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं कधीकधी, कुणाचीच चूक नसते, कारण सापडत नाही. माझ्यासारख्या बाईला असलं सांगू नये. कारण सापडत नाही म्हटलं की मी ते शोधायला बसते.

यंदा पुन्हा दिवस राहिले. मी आणि माझा नवरा निशांत, दोघांनी ठरवलं, तीन महिने होईस्तोवर घरात कुणालाच सांगायचं नाही. हे बाळ मला हवं होतं. इतकं, की रस्त्यातल्या खड्ड्याचाही मला राग यायचा.

महालक्ष्म्यांच्या आदल्या आठवड्यात मी कॉलेजातून लवकर आले. सासूबाई स्वयंपाकघरात रोहणा गावच्या आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. आवाज अगदी खाली. आमच्या सासूबाईंचा आवाज एरवी शेजारच्या गल्लीत जातो, त्यामुळे मी दारातच थबकले.

"नाई, तिले नाई सांगतलं. कलमीचं तिले काऊन सांगू? घाबरन ना ते. तिचं ताट म्या आजपासून वेगळंच ठेवलं."

मला पाहताच त्यांनी फोन ठेवला आणि चहा ठेवू का म्हणून विचारलं. फार गोड आवाजात विचारलं.

नुसतं 'कलमी' असं मी कधी ऐकलं नव्हतं. बाथरूममध्ये जाऊन मोबाईलवर शोधला. कलमी आंबे निघाले, आणि त्यांच्याखाली कलमी शोरा. पांढरी पूड. फटाक्यांच्या दारूत घालतात, खतात घालतात. मी नळ सोडला आणि तेच पुन्हा एकदा वाचलं.

त्या रात्री जेवताना पाहिलं, तर माझं ताट खरोखरच आधीच वाढून ठेवलेलं. माझी भाजी छोट्या पातेल्यातली, बाकीच्यांची मोठ्या.

"माझी वेगळी का, आई?"

"तुह्यी कमी तिखट केली. खा."

कमी तिखट! या घरात पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी आल्याशिवाय पाहुणचार झाला असं कुणी मानत नाही. पोटात मळमळतंय म्हणून मी ताट सारलं.

निशांतला सांगितलं, की आई माझ्या जेवणात काहीतरी घालतात. पुढे कलमी म्हणणार, तोच तो भडकला. "माझी आई? तुला झालंय काय, प्रेरणा?" दुसऱ्या दिवशी तो न बोलताच हिंगणघाटला कामावर गेला. ठीक आहे. मग मी माझं पाहीन म्हटलं. माझ्या डब्यातली भाजी मी रोज कॉलेजजवळच्या कचराकुंडीत टाकू लागले. घरी जेवताना माझी वाटी खिडकीतून कचऱ्याच्या टोपल्यात जायची आणि सासूबाई देवासमोर उभ्या असल्या की मी मोठ्या पातेल्यातलं घाईघाईने खायचे. स्वतःच्या घरात चोरून जेवणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं. त्यांच्यावर माझं बारीक लक्ष होतं. त्या माझ्या पोटाकडे बघत. मी बघितलं की नजर वळवत. निरपराध माणूस नजर कशाला वळवेल?

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस आला. प्रसादाला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. पंगत बसली. माझ्या पानात त्यांनी एका वेगळ्या डब्यातली पुरणपोळी वाढली. फिकट, जायफळाचा वासही नसलेली. त्या वळल्या तशी मी ती शेजारच्या रिकाम्या पानावर सरकवली आणि परातीतली पोळी उचलली. घास तोंडाशी नेला, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"ते नको खाऊ!"

सगळी पंगत बघायला लागली. मी हात हिसडून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. त्या मागोमाग आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मग काय खाऊ?" मी ओरडले. "तुमची कलमी खाऊ? आठवडाभर मला कलमी घालताय. मी ऐकलंय सगळं. कशासाठी मारताय माझ्या बाळाला?"

सासूबाईंनी मसाल्याचा डबा उघडला आणि तपकिरी सालीचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"हे कलमी, बाई. दुसरी कोणती कलमी?"

मी वास घेतला. दालचिनी. विदर्भात दालचिनीला कलमी म्हणतात, हे हळदीच्या गावच्या या शहाणीला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं.

"तुह्या ताटात म्या कलमी घातली नाई," त्या म्हणाल्या. "जायफळ नाई, सुंठ नाई, काईच गरम नाई. हिंगाच्या फोडणीनं तू तोंड फिरवलं तवाच मले समजलं. तुमी सांगून नाई राह्यले, तं म्याही इचारलं नाई."

म्हणजे माझ्यासाठी जपून केलेलं सगळं मी कचऱ्यात टाकलं होतं आणि त्या ज्याला भीत होत्या, तेच मी चोरून खात होते. लाजेने मला वर बघवेना.

"पण मग फोनवर... मी घाबरेन असं का म्हणालात?"

त्या खाली पाटावर बसल्या. पदराची कड बोटाला गुंडाळू लागल्या.

"मागच्या वर्षी तुले खोकला झालता. म्या कलमीचा काढा करून देल्ला. तुले दिवस गेलते ते मले माहीत नोतं. मंग बहिणीनं सांगतलं, कलमी लई गरम असते, पोटुशीले देत नाईत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वर्ष झालं, मले झोप नाई. खरं सांग पोरी. त्या काढ्यानंच गेलं ना ते?"

काढा मला आठवला. चांगला लागला होता. मी स्वतःहून दुसरा पेला मागितला होता.

"नाही, आई," मी म्हणाले. "काढ्याने नाही. कशानेच नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं."

हे खरं होतं. पण ते म्हणण्याआधी मी क्षणभर थांबले होते. तेवढ्यात मी तो खोकला, तो काढा, तो दुसरा पेला, त्यानंतरचे दिवस, सगळं चाळून पाहिलं होतं. खोडच आहे माझी. आणि सासूबाईंची नजर माझ्या चेहऱ्यावरच होती.

मी त्यांच्याजवळ बसले, हात हातात घेतले, पुन्हा सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. आठवडाभर मी त्यांच्याकडे जशी बघत होते, तशाच त्या माझ्याकडे बघत होत्या.