उजवा पाय खाली

आमच्या बडोद्याच्या घरात तेव्हा सात माणसं आणि दोन खोल्या. सासूबाईंना भिंतीपलीकडचंही ऐकू यायचं. नवरा-बायकोनं बोलायचं तर कुठे? म्हणून ह्यांनी जावा मोटरसायकल घेतली तेव्हा मला गाडीचं अप्रूप नव्हतं, मागच्या सीटचं होतं. नागरवाड्यातून निघालं की रावपुऱ्यापर्यंत हे गप्प असायचे. दांडिया बाजार मागे पडला की मान किंचित डावीकडे वळवून बोलायला लागायचे ते थेट पादऱ्यापर्यंत. पादऱ्याला माझी बहीण मंदा. दर दुसऱ्या गुरुवारी तिच्याकडे जायचं हे निमित्त, बोलायचं हे कारण. धवल होणार हे मी ह्यांना सांगितलं ते अटलादऱ्याजवळ. रेल्वेच्या वर्कशॉपात ह्यांची बढती डावलली हे त्यांनी मला सांगितलं तेही गाडीवरच. घरात त्या दिवशी फक्त "वरण पातळ झालंय" एवढंच म्हणाले होते.

सासूबाई गेल्या, नणंदांची लग्नं झाली, घर रिकामं झालं. तरी ह्यांचं बोलणं काही घरात आलं नाही. सवयच तशी लागली. घरी वर्तमानपत्र, गाडीवर मी.

सत्त्याण्णव साली पाणीगेटजवळ ह्यांनी एका हातगाडीला धडक दिली. हातगाडीवर मडकी होती. मडकी फुटली, माणूस वाचला. मी मागे होते, मला खरचटलंसुद्धा नाही. पण धवल बँकेतून आला तो तापलेलाच.

"बाबा, ब्रेक नाहीत त्या गाडीला! तीस वर्षांची झाली. एक तर ब्रेक बदला, नाहीतर गाडी काढून टाका."

"लायनर घासलेत," हे म्हणाले.

"लायनर दिवाळीत बदललेत. केबलसुद्धा."

"मग केबल वाईट निघाली."

मी भाजी निवडत होते, निवडत राहिले. कारण मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी हे न्हाणीघरात घसरले, उजवं मनगट मोडलं, ते वाकडं जुळलं. तेव्हापासून ह्यांना पंचा पिळता येत नव्हता. ओलाच दोरीवर टाकायचे आणि वर मला म्हणायचे, पिळल्यानं कापड फाटतं. पंचा पिळता येत नाही त्या हाताला ब्रेकचा लिव्हर कसा दाबता येणार? मी जगाला तोंडावर बोलते, माझ्या तोंडाला घाबरून दूधवाला पाणी कमी घालतो. पण हे एक मी बोलले नाही. बोलले असते तर गाडी गेली असती, आणि गाडीबरोबर माझी सीट.

मग मला एक युक्ती सुचली. धाकटे दीर दत्ताजीराव रिफायनरीत होते. त्यांची येझदी मोटरसायकल क्वार्टरच्या मागे नुसती उभी होती, इंजिन गेलेलं, पण पुढचा भाग ठणठणीत. तिचा ब्रेक हलक्या हातानं लागतो हे मी त्यांच्या बायकोकडून ऐकलं होतं; ती स्वतः ती गाडी चालवायची, तिचे हात माझ्या करंगळीएवढे. तो ब्रेक आमच्या गाडीला बसवला तर? हात तोच राहील, पण कोणाला कळणार नाही. मलाही कळलं नाही असं म्हणता येईल.

पाणीगेटच्या कनुभाई मिस्त्रीला बोलावलं. हे त्याला म्हणाले, "फक्त ब्रेक बदल. बाकी कशाला हात लावायचा नाही."

कनुभाईनं चाकाशी बसून मान हलवली. "काका, एकली ब्रेक नहीं बेसे. आखो फोर्क लाववो पडे."

नुसता ब्रेक बसणार नाही, अख्खा फोर्क आणावा लागेल, हे त्यानं मला नीट समजावून सांगितलं. सायकलला आपण चिमटा म्हणतो, तोच मोटरसायकलचा फोर्क. दोन पाय, मध्ये चाक. ब्रेकच्या झाकणाला फोर्कच्या पायानं धरून ठेवायचं असतं, त्यासाठी एका पायावर खाच असते. येझदीच्या झाकणाची खुंटी आमच्या जावाच्या खाचेत बसत नव्हती. नुसतं बसवलं तर ब्रेक दाबताच झाकणही चाकाबरोबर फिरणार. म्हणजे ब्रेकबरोबर पाय आले, पायांबरोबर वरचा दिवा आला, दिव्याबरोबर हँडल आलं.

"म्हणजे तोंडच बदलणार," हे म्हणाले. आमच्या जावाचा दिवा आणि वेगाचा काटा एकाच गोल डब्यात होता, हे तो रोज सकाळी पुसायचे. "तोंड बदललं की गाडी कोणाची राहिली?"

"मी मागे बसते," मी म्हटलं. "मला तोंड दिसतच नाही."

कनुभाई हसला. हे नाही हसले. पण धवलनं अट घातली होती, आणि दुसरा मार्ग नव्हता. दोन दिवसांनी गाडी घरी आली, नव्या तोंडाची. हे ओट्यावर बसून तिच्याकडे बघत राहिले, दारात अनोळखी पाहुणा उभा असावा तसे. बसून पाहिली नाही. जुना फोर्क मात्र पोत्यात गुंडाळून जिन्याखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. रसिकानं घेतला. रसिका धवलची बायको, साताऱ्याची, लग्नाला पाच महिने झालेले. गुजराती कानावर पडायचं, डोक्यात शिरायचं नाही. फोन ठेवून ओट्यावर गेली.

"बाबा, मिस्त्रींचा फोन होता. फोर्कचा उजवा पाय खाली आहे म्हणाले. गाडी चालवू नका, दुपारी येतो म्हणाले."

"खाली आहे?" हे ताडकन उठले. इतक्या चपळाईनं उठलेले मी त्यांना वर्षभरात पाहिले नव्हते. "मी म्हटलंच होतं! दुसऱ्याचे पाय लावले की असंच होणार. आण गं जरा सुतळी!"

सुतळी आली, ओळंबा आला, पट्टी आली. वर्कशॉपात तीस वर्षं काढलेला माणूस. गुडघ्यावर बसून मापं घेतली, डोळा बारीक करून पाहिलं, पुन्हा घेतली. मी भाकरी थापताना आतून ऐकत होते.

"दोन सूत! पाव इंच!" हे ओरडले. "उजवा पाय दोन सूत खाली आहे! रसिका, तूच बघ."

रसिकानं बघितलं. नवी सून, काय बोलणार? "हो बाबा, वाटतंय खरं."

"वाटतंय काय, आहे! दुर्गा, बाहेर ये. कनुभाईला सांग, हे सगळं काढ आणि जुनं लाव. वाकड्या पायांवर मी माझ्या बायकोला बसवणार नाही."

मी पिठाच्या हातानंच बाहेर आले. ह्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला आधी त्याचाच संशय आला.

"रसिका," मी म्हटलं, "कनुभाई काय म्हणाला? त्याच्या शब्दांत सांग."

"आई, ते म्हणाले, जमणो फोर्क खाली छे. जमणो म्हणजे मला आधी जेवणाचं काहीतरी वाटलं. मग मी विचारलं तर म्हणाले, राइट, राइट. मग मी..."

"खाली छे म्हणाला?"

"हो. खाली छे. हमणां चलावता नहीं."

मी ओट्याच्या पायरीवर बसले आणि हसू आवरेना. "अगं बाई! आपलं खाली म्हणजे खालती. त्यांचं खाली म्हणजे रिकामं! पायात तेल असतं ना, ते भरायचं राहिलं त्याचं. पाय रिकामा आहे, खाली नाही!"

रसिकानं जीभ चावली. ह्यांच्या हातातली सुतळी तशीच लोंबत राहिली. हा माणूस बडोद्यात जन्मला, वर्कशॉपात निम्मं आयुष्य गुजरातीत बोलला. कनुभाईच्या तोंडून ऐकलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. पण निरोप मराठी तोंडातून आला आणि ह्यांनी तो मराठीत ऐकला. तेही एकवेळ चालेल. पण ते दोन सूत कुठून आले?

मी पट्टी उचलली. मला चौथीपर्यंतचं येतं, पण सूत मोजायला चौथी पुरते. दोन्ही पाय सारखे होते.

"अहो," मी म्हटलं, "हे दोन सूत कुणाचे?"

ह्यांचा डावा हात उजव्या मनगटावर गेला होता.

दुपारी कनुभाई आला. आल्या आल्या कान पकडले. डाव्या पायात तेल घातलं, तेवढ्यात बायकोनं जमवा, म्हणजे जेवायला बोलावलं, जेवून आला तो उजवा विसरलाच. सकाळी डब्यात उरलेलं तेल बघून आठवण झाली. भरून दिलं, चहा घेतला, गेला. हे तरीही गाडीवर बसेनात.

"बसा," मी म्हटलं. "रसिका, तू मागे बस."

"मी?"

"बस म्हणते ना. वजन हवंय मागे."

गाडी स्टँडवर होती. ती दोघं बसली तसं पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. मी चाकासमोर पाटावर बसले आणि दोन्ही हातांनी टायर धरला.

"दाबा ब्रेक. मी फिरवते. मला फिरवता आलं नाही तर तुम्ही गाडी थांबवलीत."

"हा काय पोरखेळ?"

"रावपुरा," मी म्हटलं. पादऱ्याची वाटच धरली होती मी. "म्हैस आडवी आलीय. दाबा."

त्यांनी दाबला. मी जोर लावला, चाक हललं नाही. भाकऱ्या थापलेले हात आहेत माझे, जोर काही थोडा नसतो. रसिका मागे खुदकन हसली.

"दांडिया बाजार. रिक्षा वळतेय."

नाही हललं. ह्यांनाही जरा हसू आलं. "आहे ब्रेक चांगला," म्हणाले.

"अकोटा. पुलाच्या उतारावर पोरं सायकली घेऊन उभी आहेत."

नाही हललं. पण ह्यांचं हसू गेलं होतं.

"मुजमहुडा."

धरलं. ओठ घट्ट मिटले होते.

"अटलादरा. ट्रक थांबलाय पुढे."

मी जोर लावला आणि चाक माझ्या हातात सरकलं. थोडंच, चार बोटं असेल. रसिकाला कळलं नाही, ती आमच्या डोक्यांवरून रस्त्यावर बघत होती. मला कळलं. आणि ह्यांच्या हाताला कळलं असणारच. ते दिव्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

मी 'थांबलं' म्हटलं असतं तर ते थांबलंच ठरलं असतं. दोन वर्षं मी तेच म्हणत आले होते, न बोलता. पाणीगेटच्या त्या कुंभाराची मडकी माझ्याच गप्प बसण्यानं फुटली होती. तो माणूस वाचला ते त्याचं नशीब, माझा त्यात काही हात नव्हता.

"सुटलं," मी म्हटलं.

ह्यांनी लिव्हर सोडला, बोटं उघडली, मिटली.

"हो," म्हणाले. "सुटलं. ब्रेकचा दोष नाही."

रसिका अलगद मागून उतरली आणि, शहाणी पोर, चहाचं आधण ठेवायला आत गेली.

संध्याकाळी धवल आला तेव्हा ह्यांनीच सांगितलं. मी तोंड उघडलं नाही. "हातात जोर अकोट्यापर्यंत आहे, मुजमहुड्याला नुसता ओढूनताणून," म्हणाले, जसं कोणी टाकीत पेट्रोल किती ते सांगतं. धवलनं भांडायला श्वास घेतला होता, तो त्यानं तसाच सोडला. मग दोघांनी बराच वेळ नकाशा मांडल्यासारखं बोलून ठरवलं. अकोट्याला ह्यांच्या वर्कशॉपातल्या भास्कररावांकडे गाडी ठेवायची, पुढे बस. येताना हाताला विश्रांती मिळालेली असेल. आणि गर्दीच्या वेळी गाडी काढायचीच नाही. दर महिन्याला मी चाक धरून पाहायचं आणि ज्या दिवशी अकोट्याला सुटेल त्या दिवशी गाडी बंद, ही अटही ह्यांनीच घातली. मी कबूल केलं. ह्यांच्याइतकंच मलाही ते कबूल करावं लागलं.

गुरुवारी निघालो. बसमध्ये हे माझ्या शेजारी बसले आणि पादऱ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. समोरच्या माणसाची टोपी बघत राहिले. मंदाकडे जेवलो, परत बस, परत गप्प. भास्कररावांच्या दारातून गाडी काढली, मी मागे बसले, पदर खोचला. पूल ओलांडतो न ओलांडतो तोच ह्यांची मान डावीकडे वळली. मनगटाच्या डॉक्टरनं तेव्हाच काय सांगितलं होतं, ते बोलायला लागले. मी ऐकत होते. मध्येच समोर बस उभी राहिली तेव्हा ते म्हणाले, "थांबतोय हं." तीस वर्षांत असं कधी सांगितलं नव्हतं. मी सीटचा पट्टा धरला. गाडी थांबली. बस हलली आणि त्यांनी पुढचं सांगायला सुरुवात केली.