दांडीवरचं वजन

सईदा गेल्याचं मला कळलं तेव्हा मी डब्याखाली आडवा होऊन स्प्रिंगच्या पाट्यांचे नट आवळत होतो. दुपारचे साडेबारा झाले असतील. फोन बाहेर स्टुलावर होता आणि ग्राइंडर चालू होता, म्हणून दोनदा वाजला तरी कळलं नाही. तिसऱ्यांदा माझ्या भाच्याने, वाजिदने उचलला. त्याने ग्राइंडर बंद केला आणि म्हणाला, "मामू, बाहेर या." मी म्हटलं, एक नट राहिलाय. तो म्हणाला, "राहू द्या नट."

सईदा सकाळच्या बसने चंद्रपूरला गेली होती, तिच्या धाकट्या बहिणीकडे, नाहीदकडे. डब्याच्या खिडक्यांना पडद्याचं कापड घ्यायचं होतं. कापडाच्या दुकानातच ती खाली बसली आणि उठली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. बावन्न वर्षांची होती. गुडघे सोडले तर तिची कधी कसली तक्रार नव्हती.

डबा म्हणजे काय ते सांगतो. राजुऱ्यात आसिफाबाद रोडवर माझं वेल्डिंगचं दुकान आहे. तीस वर्षं मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो आहे. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण शाळा मराठीत झाली म्हणून लिहितो मराठीत. सईदा आलापल्लीची. तिचे वडील तिथल्या लाकूड डेपोत सुतार होते. ज्या क्वार्टरमध्ये ती वाढली ते पाडलं, आईवडील गेले, भाऊ नागपूरला गेले. राहिली फक्त बुधरी, लहानपणची मैत्रीण. सईदा दरवर्षी तिला भेटायला जायची आणि संध्याकाळच्या बसने परत यायची. बुधरीच्या एका खोलीत सहा माणसं. लॉजचं नाव काढलं की सईदा चिडायची. म्हणायची, आलापल्लीत मी लॉजमध्ये झोपू?

म्हणून मी चाकावरचं घर बनवायला घेतलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद. आत पलंग, गॅस, पाण्याची टाकी. गाडीमागे जोडायचं, बुधरीच्या अंगणात उभं करायचं आणि पंधरा दिवस राहायचं. सईदाने बुधरीला फोन करून सांगितलं होतं की दिवाळीनंतर आम्ही आमचं घर घेऊन येतो, जागा ठेव. राजुऱ्यात लोक त्याला फारूकभाईचा डब्बा म्हणायचे. आम्हीपण डबाच म्हणायला लागलो.

तिला मातीत ठेवून आल्यावर मी ठरवलं की चाळिसावा आलापल्लीत करायचा. डबा बुधरीच्या अंगणात उभा राहील, तिथेच जेवण शिजेल, तिथेच फातेहा होईल. नाहीदला हे पटलं नाही. चाळिसावा माणसाच्या घरी करतात, ती म्हणाली. मी म्हटलं, घरीच करतो आहे, घर फक्त तिकडे नेतो आहे. ती रडायला लागली. मी उठून दुकानात गेलो.

घराला ओढणार कोण, हे मात्र ठरलेलं नव्हतं. माझ्याकडे एक मोटारसायकल आहे, बस.

तिजा, म्हणजे तिसऱ्या दिवसाची फातेहा, झाल्यावर जो येई तो माझा हात हातात घेऊन बसे, दोन मिनिटं खाली बघे, आणि मग दारातून डब्याकडे बघून विचारी, याला ओढणार कोण? राइस मिलवाले म्हणाले पिकअप घ्या. शाळेतले एक सर म्हणाले सात सीटची मोठी गाडी, ताकद पाहिजे. कोळसा खाणीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हर म्हणाले की चारही चाकं ओढणारी नसेल तर जंगलात नेऊच नका. त्यावर सर म्हणाले, रस्ता डांबरी आहे, जंगलात कुठे नेताहेत. मग दोघांची जुंपली. माझी बायको जाऊन पाच दिवस झाले होते आणि माझ्या ओट्यावर डिझेल की पेट्रोल चाललं होतं. एक जण म्हणाला, याच्यात चहाची टपरी मस्त चालेल. त्याला मी घरी जायला सांगितलं.

आधी वाजिदची छोटी कार जोडून पाहिली. डब्याची पुढची, जोडायची दांडी हुकावर ठेवली तशी कारची पाठ खाली गेली आणि बंपर जमिनीला टेकला. दुकानाच्या अंगणातूनही बाहेर निघालो नाही. वाजिद म्हणाला, "मामू, हे घर आहे की बैल बसवला मागे?" मी म्हटलं, तुझी गाडीच खेळण्यातली आहे.

कैफ किराणावाल्याचा पिकअप चालला असता, पण धानाचा हंगाम होता, तो महिनाभर रिकामा नव्हता. शेवटी वाजिदच्या सासऱ्यांची जुनी डिझेल जीप मिळाली. तिचीही पाठ बसली. मी म्हटलं, म्हातारी झाली आहे, कमानी थकल्या आहेत. मागच्या स्प्रिंगांच्या कमानींत एकेक पाटा वाढवला. जीप सरळ दिसायला लागली. मग डबा कोळशाच्या गाड्या मोजतात त्या काट्यावर नेला. नऊशे चाळीस किलो. जीप एवढं सहज ओढते, असं ड्रायव्हरसाहेब म्हणाले. झालं, गाडी ठरली.

अडतिसाव्या दिवशी सकाळी निघालो. जेवण शिजवायला दोन मोठ्या देगी, तांदूळ आणि तेल डब्यात पुढच्या बाजूला लावलं. ट्रॉली अशीच भरायची असते, जड माल पुढे. पाण्याची टाकीही मी पुढेच बसवली होती. ती भरून घेतली.

बल्लारपूरच्या पुढे गेल्यावर मला जाणवलं की स्टिअरिंग हलकं लागतं आहे. एका बोटाने फिरेल इतकं हलकं. वाजिद म्हणाला, पावर स्टिअरिंग झालं मामू, फुकटात. मला हसू आलं नाही. ब्रेक दाबला की मागून ढकलल्यासारखं व्हायचं. पन्नासच्या वर गेलो की डबा डावीकडे-उजवीकडे मान हलवायचा. मी जीपला शिव्या देत होतो. जीप सासऱ्यांची, म्हणून वाजिद खिडकीबाहेर बघत होता. चाळीसवर चालवली तर मागून ट्रक हॉर्न देत. बाजूला घेतली की डब्याचं चाक रस्त्याच्या कडेवरून खाली उतरायचं. दर दहा मिनिटांनी मी थांबून हुक बघायचो. हुकाला काही झालेलं नसायचं.

कोठारीच्या पुढे जंगलात एक वळण आहे. समोरून एसटी आली. मी स्टिअरिंग फिरवलं, पूर्ण फिरवलं. पुढची चाकं वळली, पण जीप वळली नाही. ती सरळ गेली, रस्ता सोडून, उताराने खाली, कापलेल्या धानाच्या बांधीत. डबा मागोमाग आला आणि तिरपा उभा राहिला. कुणाला खरचटलं नाही. दार उघडून एक देग बाहेर पडली आणि गडगडत पार मधल्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत गेली.

त्या बांधीच्या पलीकडे खळ्यावर एक नवराबायको धान मळत होते. मुखरू आणि सुगंधाबाई, ही नावं नंतर कळली. ट्रॅक्टरवर मळणीचं मशीन लावलेलं होतं. ते बंद करून दोघं आले. आम्ही धड आहोत हे पाहून बाईला हसू आलं. ती देग उचलून आणत म्हणाली, "घर घेऊन कुठी निघाले भाऊ? घरवालीनं हाकलून देल्लं का?"

मी म्हटलं, "नाही बाई. घरवाली वारली. तिचंच आहे हे."

तिने देग खाली ठेवली.  खळ्यावर जाऊन पाण्याचा लोटा घेऊन आली आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहिली.

मुखरूने मळणीचं मशीन सोडवून ट्रॅक्टर आणला. आधी जीप ओढून काढली. मग त्याने डब्याची दांडी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. ट्रॅक्टर मागे घेतला, पिन टाकली आणि डबा बाहेर काढला. खळ्यापर्यंत नेला, आणि मी पाहतच राहिलो. डबा हलला नाही, डुलला नाही, रुळावर असल्यासारखा ट्रॅक्टरमागे सरळ चालला. 

"भाऊ," मुखरू म्हणाला, "हे त ट्राली हाय."

"घर आहे," मी म्हटलं.

"घर असन. मी काई नाई म्हणत नाई. पर बनवलं ट्रालीवानी. एक्सल पाहा ना कुठी हाय."

मी रागाने म्हटलं की मी तीस वर्षं ट्रॉल्या बनवतो. तो म्हणाला, तेच सांगून राह्यलो ना भाऊ.

त्याच्याकडे धान मोजायचा काटा होता. दांडीचं टोक आम्ही त्यावर ठेवलं. तिघांनी उचलतानाच कळलं होतं. दोनशे चौतीस किलो. वाजिदने मोबाइलवर शोधलं. नव्वदच्या वर जायला नको होतं.

आता जे झालं ते सांगतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा एक्सल, म्हणजे चाकांचा आस, आम्ही मुद्दाम मागे ठेवतो. वजन दांडीवर येतं, दांडीतून ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांवर दाब पडतो, चिखलात चाक पकड घेतं. ट्रॅक्टरला ते हवं असतं. जीपला तेच वजन मागून खाली दाबतं आणि पुढची चाकं वर उचलतं. चाकं जमिनीला नीट टेकलीच नाहीत तर वळणार काय? पाटे वाढवून मी फक्त जीप सरळ दिसेल असं केलं होतं. काट्यावर मी सगळा डबा मोजला, दांडी मोजली नाही. माझा हात तीस वर्षं ज्या जागी एक्सल लावत आला, त्या जागी त्याने लावला. कारमध्ये दोष नव्हता. जीपमध्येही नव्हता.

आणि सईदाने मला हे सांगितलं होतं. मी जमिनीवर खडूने डब्याची आखणी करत होतो तेव्हा ती चहा घेऊन आली होती. तिला वेल्डिंगचं काही कळत नव्हतं. माप घेतल्याशिवाय कापड कापायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. ती म्हणाली, "आधी गाडी बघा. मग गाडीच्या मापाचं घर बनवा. तुम्ही उलटं करून राह्यले." मी म्हटलं, तीस वर्षं ट्रॉल्या बनवतो आहे, तू मला शिकवू नको. ती चहा ठेवून गेली. त्यानंतर तिने फक्त पडद्यांबद्दल विचारलं.

अडतीस दिवस मी सगळ्यांवर चिडत होतो. नाहीदवर, सरांवर, कैफच्या पिकअपवर, वाजिदच्या सासऱ्यांच्या जीपवर. मुखरूच्या खळ्यावर चिडायला कुणी उरलं नाही. सईदाला सांगायचं होतं की तू बरोबर होतीस. घरी असती तर मी ते सांगितलं नसतं, हेही मला माहीत आहे.

मुखरू म्हणाला, तोच ट्रॅक्टरने आलापल्लीला नेऊन देईल, पण मळणी संपल्यावर. त्याच्यानंतर चार घरं मशीनची वाट पाहत होती. आठवडा तरी. शिवाय आष्टीच्या पुढे रस्त्यावर दगडाचे ट्रक रात्रंदिवस चालतात, त्यांच्यामध्ये डबा लावून ट्रॅक्टर नेणं मला बरं वाटलं नाही. जीपला पुन्हा जोडणं तर शक्यच नव्हतं. एक्सल कापून पुढे घ्यायचा तर वेल्डिंग मशीन आणि उचलायचा जॅक राजुऱ्याहून आणायला हवा, आणि ते आणून, काम करून आलापल्ली गाठणं दोन दिवसांत होणार नव्हतं.

मी बुधरीला फोन लावला. सगळं सांगितलं, एक्सलसकट.  शेवटी म्हणाली, "जागा सारवून ठेवली हाय भाऊ. सईदानं सांगतलं होतं तेवढीच. मी त्याच्यावर धान नाई टाकलं."

मी म्हटलं, टाक धान. ती म्हणाली, नाई टाकत.

चाळिसावा राजुऱ्यात घरीच झाला. देगी जीपमध्ये परत आणल्या होत्या, त्यांतच जेवण शिजलं. नाहीद आली, तिने सगळं केलं, आणि मी म्हटलं होतं ना, असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. सर आणि ड्रायव्हरसाहेब एकाच ओळीत जेवायला बसले होते. वळण कसं घ्यायला हवं होतं यावर त्यांचं बोलणं चाललं होतं.

त्याला आता तीन आठवडे झाले. मुखरूचा दोनदा फोन आला, मळणी संपली म्हणून. वाजिद म्हणतो, मशीन जीपमध्ये टाकू, एका दिवसाचं काम आहे. एका दिवसाचंच आहे. मी उद्या म्हणतो आणि कुणाची तरी ट्रॉली घेऊन बसतो.

डबा मुखरूच्या खळ्यावर उभा आहे. एक्सल दीड फूट पुढे घ्यायचा राहिला आहे, खिडक्यांना पडदे लावायचे राहिले आहेत, आणि आलापल्लीला जायचं राहिलं आहे.