पिवळी कांडी

बाबा गेल्यावर अकरा दिवसांनी आमची एक गाय व्यायली. तिची कालवड ठेवायची की विकायची, हे आज ठरायचं होतं. गोठ्यातल्या कालवडींच्या कप्प्यात जागा सहा आणि कालवडी सात.

पूर्वी असं ठरवावं लागत नसे, थांबावं लागे. कालवड मोठी होणार, गाभण राहणार, व्यायणार, तेव्हा कुठे तिचं दूध कळणार. बाबांच्या बोलण्यात सगळं याच मापाने असे. माझं लग्नही त्यांच्या लेखी ‘काळी पहिल्यांदा व्यायली त्या साली’ झालं. आता शेपटीचे थोडे केस मुळासकट उपटून प्रयोगशाळेत पाठवायचे, की तीन आठवड्यांत आकडे हजर. बाबांनाही याची गोडी लागली होती. आजार कळल्यानंतरही चार रात्री आकडे चाळून त्यांनी एका नव्या वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी, म्हणजे बारीक नळी, मागवली होती. ही कालवड म्हणजे त्यांची शेवटची निवड. म्हणून मला ती हवी होती.

गुरांच्या डॉक्टरांनी माझ्यापुढे कागद ठेवला. “ताई, दुधात ही सातांत शेवटची. आणि बाप जुळत नाही.”

“म्हणजे?”

“बाबांनी वहीत नोंदवलेला वळू हिचा बाप नाहीच. खरा बाप मरून चोवीस वर्षं झाली.”

त्या जुन्या वळूच्या काही कांड्या बाबांनी नायट्रोजनच्या टाकीत जपून ठेवल्या होत्या, हे मला माहीत होतं. पण बाबा चुकले? औषधांची गुंगी असेल, असं मनात आलं. तेवढ्यात बादल्या धुणाऱ्या आईने नळ बंद केला.

“त्यांना काही म्हणू नका. कांडी मी काढली.”

“काकू, तुम्ही?”

“यांचा हात थरथरत होता. म्हणाले, पिवळी काढ. पिवळ्या दोन प्रकारच्या आहेत, हे मला काय माहीत! त्या वाफेत दिसतंय काय, कपाळ. कोमट पाण्यात टाकली, पुसून दिली. यांनी नंबर वाचला आणि हसतच सुटले.”

“मग टाकून का नाही दिली?” मी विचारलं.

“मी म्हटलं, परत ठेवते. तर म्हणे, वितळलेली पुन्हा गोठवता येत नाही. म्हातारा दारात आलाच आहे, तर येऊ दे आत. इतक्या जुन्या कांडीने गाय गाभण राहील असं त्यांना वाटलंच नाही. वही सकाळीच लिहिली होती, ती तशीच राहिली.” आईने हात पुसले. “गाय राहिली आणि मी गप्प बसले. तू सारखी ‘बाबांची निवड, बाबांची निवड’ करत होतीस.”

मला वाईट वाटायला हवं होतं. पण आजार कळल्यानंतर बाबा इतके हसले होते, हे मला आजच कळत होतं.

मी कागद खालपर्यंत वाचला. गाभण राहण्याची सहजता, किती वेतं, म्हणजे किती बाळंतपणं, टिकेल, या दोन्हींत ती सातांत पहिली होती.

“आपल्या आताच्या गाई किती वेतं टिकतात?”

“तीन, फार तर चार. या वळूच्या लेकी नऊ-नऊ वेतं उभ्या असायच्या.” डॉक्टरांनी मान खाजवली. “पण हा अंदाज आहे, ताई. आणि दूध कमीच राहणार.”

“हिला पुढे नव्या वळूची कांडी दिली तर?”

“हिच्या वासरात दोन्ही गुण येऊ शकतात. येतीलच असं नाही.”

मी कागदावरच्या तिसऱ्या कालवडीच्या ओळीवर बोट ठेवलं. भरपूर दूध, कच्चे पाय. “ही विकू.”

“बाबांनी हिला विकलं नसतं,” डॉक्टर म्हणाले.

“नसतं,” मी म्हणाले.

आई कप्प्याशी गेली. “आणि ही व्यायची कधी?”

“पंधरा महिन्यांची झाली की कांडी देऊन भरवू. मग नऊ महिने,” मी म्हणाले.

बाबा गेल्यापासून आई उद्याच्या पलीकडचं काही बोलली नव्हती. ती बोटांच्या पेरांवर महिने मोजू लागली, मध्येच चुकली, मग तिने पुन्हा पहिल्यापासून मोजले.

“तोवर ही जागा पुरायची नाही,” ती म्हणाली. “पलीकडची भिंत पाडावी लागेल. अगं, बघत काय उभी राहिलीस? टेप आण.”