मिटनवाल्डला भिजलेला तंबू

मी एक जुना तंबू आहे. मित्रांनो, माझा मूळ रंग हिरवा. आता तो कोणता म्हणावा याविषयी मी मत देत नाही, कारण तळघरातल्या दिव्याखाली रंगाची खात्री करता येत नाही. दोन माणसांसाठी म्हणून माझी विक्री झाली. कारखान्याने हे 'दोन' कसे मोजले, ते मला आजवर उमगलेले नाही. दोन माणसे आत झोपली की त्यांच्या पिशव्यांना जागा उरत नाही, आणि रागाला तर मुळीच नाही.

तंबूला आत्मा असतो का, हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. कापड असते, एवढे नक्की. माझे बाहेरचे कापड पॉलिएस्टरचे आणि त्याच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचे पातळ अस्तर. पाऊस अडतो तो या अस्तरामुळे; श्रेय मात्र कापडाला मिळते. कारखान्यात एका बाईने माझी शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढे फार मिळाल्या नाहीत.

२०१४ च्या उन्हाळ्यात गौरांगने मला जर्मनीतल्या एर्लांगेनला विकत घेतले. गौरांग मूळचा सांगलीचा. रुग्णालयांची यंत्रे बनवणारा इंजिनियर. त्याची बायको स्वरूपा डार्मश्टाटच्या विद्यापीठात संशोधन करी. एक संसार आणि दोन गावांत दोन घरे, अशी त्यांची व्यवस्था होती. शुक्रवारी दोघांपैकी एकजण रेल्वेत बसे आणि रविवारी परत फिरे. मी त्यांना पाहिले तेव्हा ती दोघे आल्प्सच्या प्रवासाला निघाली होती. पण चेहरे मात्र प्रवास संपवून आल्यासारखे होते.

या सुट्टीत एक गोष्ट ठरवायची होती : नोकरी कोणी सोडायची आणि एकच घर कोणत्या गावात मांडायचे. ठरले नाही, तर हे असे पुढे चालवण्यात अर्थ नाही, असे स्वरूपाने निघतानाच सांगून टाकले होते.

आम्ही आल्गॉयमधून टिरोलमध्ये गेलो, पुन्हा जर्मनीत आलो, पुन्हा ऑस्ट्रियात. सीमा कोठे लागते हे मला कधीच कळले नाही. अलीकडच्या आणि पलीकडच्या मातीत माझ्या खुंट्या सारख्याच वाकल्या. रोज नवी जागा, रोज तेच दोघे, आणि तो विषय मात्र डिकीतून बाहेर निघत नव्हता.

तो निघाला मिटनवाल्डच्या तंबूंच्या तळावर, पावसात. डोंगर ढगांनी पुसून टाकले होते आणि बाहेर जायची सोय नव्हती. शेजारी एक पांढरी कॅरव्हॅन उभी होती. तिच्यातले उंच, पिकल्या केसांचे जर्मन गृहस्थ येता-जाता 'मोर्गन', म्हणजे सुप्रभात, म्हणत. त्यांची पत्नी गुडघा दुखत असल्याने बाहेर येत नसे.

"माझी नोकरी कायमची आहे, तुझी मुदतीची," गौरांग म्हणाला. "हिशोब सोपा आहे."

"हिशोब सोपा असला की सोडायला नेहमी मीच कशी सापडते?"

"अगं, हळू बोल."

"का? इथे कोणाला मराठी कळतंय?" स्वरूपाचा आवाज आणखी चढला. "आपला संसार रेल्वेच्या वेळापत्रकावर चाललाय!"

"म्हणून तर उशिरा चाललाय."

"गेनाऊ! अगदी बरोबर! विनोद कर. मीटिंगमध्ये करतोस तसाच."

परदेशात आपली भाषा ही बंद खोली आहे, असा आपल्या लोकांचा एक समज असतो. त्या समजाच्या आधारावर त्यांनी त्या तळावर एकमेकांच्या आईवडिलांपर्यंत सगळे काढले. मी पाऊस अडवत होतो. आवाज अडवण्याची माझी रचनाच नव्हे.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला, आणि त्यांनी सहल तिथेच मोडायचे ठरवले. स्वरूपा मिटनवाल्डहून रेल्वेने डार्मश्टाटला जाणार, गौरांग गाडी घेऊन एर्लांगेनला. कशाचाच निर्णय झालेला नव्हता, किंवा हाच निर्णय होता. गौरांगने खुंट्या उपटल्या आणि तो मला तसाच, पाणी निथळत असताना, गुंडाळू लागला.

"ओला आहे तो," स्वरूपा म्हणाली.

"घरी गेल्यावर वाळवू."

"कोणाच्या घरी?"

तो गुंडाळत राहिला. तेवढ्यात कॅरव्हॅनच्या खिडकीतून आवाज आला, स्वच्छ मराठीत :

"अहो, ओला नका गुंडाळू! कुबट वास धरेल, मग काही केल्या जात नाही."

गौरांगच्या हातून मी चिखलात पडलो. खिडकीत साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या. मनोरमाबाई त्यांचे नाव. लग्न करून बाड हॉम्बुर्गला आल्या, त्याला एक पिढी उलटली होती. मोर्गनवाले डीटर हे त्यांचे यजमान.

"काकू," स्वरूपा खिडकीजवळ आली, "तुम्ही... सगळं ऐकलंत?"

"कॅरव्हॅनची भिंत ती केवढी! खिडकी लावून घेतली, तर गुदमरायला झालं."

"मग सांगायचं नाही का?"

"पहिल्या वाक्याला सांगायला हवं होतं, बाळ. दुसऱ्या वाक्यानंतर फार उशीर झाला. ह्यांना काही कळलं नाही, एवढं समाधान माना."

"हालू बोल," डीटर गंभीरपणे म्हणाले.

"तेवढं कळतं," मनोरमाबाई म्हणाल्या. "आमच्या भांडणांतही लागायचं ते."

स्वरूपा आधी हसली आणि मग, सगळ्यांच्या देखत, रडली. डीटरनी मुकाट्याने कॅरव्हॅनपासून झाडापर्यंत दोरी ताणली आणि चिमट्यांचा डबा आणून दिला.

"काकू, तुम्हीच सांगा आता," गौरांग म्हणाला.

"छे. मी तंबूबद्दल बोलले. बाकीचं मला विचारू नका." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

दोघांनी माझी टोके धरून मला झटकले, दोरीवर घातले, अस्तराची बाजू उन्हाकडे केली. कापड वाळायला वेळ लागतो. त्यात घासाघीस चालत नाही. रेल्वेची वेळ टळून गेली. ती दोघे माझ्या दोन बाजूंना उभी होती, एकमेकांना न दिसता. भाषा समजणारे कोणी जवळ आहे हे कळल्यावर आता मनात असेल तेवढेच बोलणे भाग होते.

"डार्मश्टाट सोडायचं नाहीच, असं माझं नाही," पलीकडून स्वरूपा म्हणाली. "तू एकदाही विचारलं नाहीस. नुसतं सिद्ध केलंस."

गौरांगने माझी खालची कड पिळून थेंब काढले.

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस," गौरांग म्हणाला. "ते ऐकायची भीती वाटली."

"म्हटलं असतं नाही. मग?"

"मग मी तिकडे नोकरी बघितली असती." त्याने दोरीवरचा एक चिमटा सरळ केला. "बघतो. मिळेलच असं नाही."

"मिळेलच असं मी कुठे म्हणते? बघ."

एवढेच झाले. त्यांनी एकमेकांना मिठी मारली नाही. दोघांनी मला कोरडा, घडी जुळवून गुंडाळले, आणि एकाच गाडीतून आम्ही डार्मश्टाटच्या रस्त्याला लागलो. एर्लांगेनची नोकरी सोडल्यावर नवी मिळायला गौरांगला बराच काळ लागला. तो काळ सोपा गेला नाही, पण तो त्यांनी एका घरात काढला.

मित्रांनो, तंबू वाळवल्याने संसार सावरतात, असा दावा मी करणार नाही. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही. कापडाविषयी मात्र मी खात्रीने बोलू शकतो. काही वर्षांनी बोडन सरोवराकाठी मी पुन्हा भिजलो. बरोबर लहान मूल होते, झोप कोणाचीच झाली नव्हती, आणि शेजारच्या खिडकीत कोणी नव्हते. मला ओलाच पिशवीत कोंबून तळघरात ठेवले गेले. ओलावा अस्तराचे बंध हळूहळू तोडतो. त्याचा आवाज होत नाही. आता माझे अस्तर चिकट झाले आहे, सालपटे निघतात, आणि पाऊस अडवणे मला जमणार नाही. यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. ती माणसे थकली होती, एवढेच.

म्हणून एक विनंती करतो. ओली वस्तू गुंडाळली की ती फक्त नजरेआड होते, वाळत नाही. तेव्हा निघायची घाई असेल, अंग मोडून आले असेल, बोलायचेही त्राण नसेल, त्या दिवशी मुद्दाम थांबा आणि दोरी बांधा. आरामाच्या दिवशी तंबू कोणीही वाळवतो.