एका दिवसाचे मामा

"हेच का हो वाळवंट?" हरिश्चंद्ररावांनी काचेला नाक लावून विचारलं. "आणि ते वाळूचे डोंगर?"

"इथं असंच हाय, मामा. सपाट. दगडगोटे नि विजेचे खांब." अशरफने आरशातून मागं पाहिलं. पोलिसांची गाडी येत नाही ना, एवढंच त्याला पाहायचं होतं.

शहराबाहेरच्या मुतला नावाच्या टेकाडावर दोघं जेमतेम उतरले. रेखाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, पण चपलेतून चटका बसला तशा त्या परत गाडीत शिरल्या. कराडहून लेकीकडे आलेलं हे जोडपं. लेक अक्षदा या अरबी मुलुखातल्या इस्पितळात नर्स. तिला सुट्टी मिळेना, म्हणून तिनं अशरफची गाडी दिवसभरासाठी ठरवून दिली होती. गाडी अशरफचीच, असा तिचा समज होता आणि त्यानं तो दुरुस्त केला नव्हता.

गाडी त्याच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंची होती. शुक्रवारी त्या लेकीकडे जेवायला जात, नातू न्यायला येई आणि गाडी दारात उभी राही. मूळचा दापोलीकडचा अशरफ त्यांचा घरचा ड्रायव्हर. घरकामाच्या व्हिसावर भाडं मारताना सापडला की सरळ विमानात बसवतात, पुन्हा येणं नाही. अशरफ तर जन्माचा भित्रा. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला मुकाट थांबणारा. पण मुलीच्या, इक्राच्या कॉलेजच्या फीचं निघालं आणि त्याचं मन डळमळलं. आता सकाळपासून शर्ट पाठीला चिकटला होता, आणि तो काही नुसत्या उन्हानं नव्हे.

"कुणी इचारलं तर मी तुमचा भाचा," त्यानं निघतानाच पढवलं होतं. "तुम्ही माझे मामा."

"हरिश्चंद्र मामा आणि अशरफ भाचा?" हरिश्चंद्रराव खदखदून हसले होते.

"त्यांना आपली नावं कळत नायत. तुम्ही फक्त मामा बोला."

परतताना जहरा गावाच्या अलीकडे रस्त्यावर पोलिसांच्या नाकाबंदीचे शंकू मांडलेले दिसले आणि अशरफनं वेग कमी केला. वळायला जागा नव्हती. पोरसवदा पोलिसानं काच खाली करायला लावली, तशी भट्टीची झळ आत आली.

"बताका," त्यानं ओळखपत्र मागितलं. ते पाहिलं, गाडीचे कागद पाहिले. "गाडी बाईची. ही माणसं कोण? तुला कुणी पाठवलं?"

अशरफ उत्तर जुळवू लागला. तेवढ्यात हरिश्चंद्रराव मागून पुढं झुकले आणि छातीवर हात आपटत मोठ्यानं म्हणाले, "मामा! मामा!"

बिचारे पढवलं तेच बोलले होते. पण इथल्या घरांत ड्रायव्हर आणि मोलकरणी 'मामा' म्हणतात ते मालकिणीला. अशरफनं स्वतः इतकी वर्षं मालकीणबाईंना हीच हाक मारली होती, आणि पढवताना नेमकं तेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मामानं पाठवलं?" पोलीस हसला. "बरं. लाव मामाला फोन."

आता सगळं संपलं, असं अशरफला वाटलं. दोनदा भलताच नंबर लागला.

"मामा," तो तुटक्या अरबीत म्हणाला, "माझा खाल आलाय गावाहून. माझ्या आईचा भाऊ. त्याला वाळवंट दाखवायला आलो. पोलिसांनी धरलंय."

पलीकडून आवाज आला, "फोन त्याला दे."

पोलीस ऐकता ऐकता ताठ झाला. "हो यम्मा, हो यम्मा," असं आपल्याच आईला म्हणावं तसं म्हणत त्यानं कागद परत केले आणि हातानंच 'निघा' म्हटलं.

"बघितलंस?" हरिश्चंद्रराव खुशीत आले. "मामा म्हटलं आणि सुटलो!"

"तुम्ही गप्प बसा हो," रेखाबाई म्हणाल्या. "घ्या भाऊ, पाणी प्या आधी." अशरफला बाटलीचं झाकण उघडेना, ते त्यांनीच उघडून दिलं.

संध्याकाळी मालकीणबाई दिवाणखान्यात बसल्या होत्या. अशरफनं किल्ली पुढं ठेवली.

"मला विचारलं का नाहीस?"

"भीती वाटली, मामा."

"माझी?"

ती माणसं माझी कुणी नव्हेत, भाड्याची होती, एवढं सांगून टाकावं असं त्याला मनापासून वाटलं. पण सांगितलं की नोकरी गेली.

"तुझ्या त्या 'खाल'चं नाव काय?"

"साबीर," तो म्हणून गेला.

खोटं नव्हतं ते. बाप गेल्यावर साबीरमामांनीच त्याला वाढवलं होतं. गेल्या रमजानात ते गावी वारले. अशरफनं रजा मागितली नव्हती. आपण गेलो आणि आपल्या जागी दुसरा कुणी ठेवला तर, ही धास्ती. त्या दिवशी तो मालकीणबाईंना खजुराच्या बाजारात घेऊन गेला होता आणि घरात कुणाला काही बोलला नव्हता.

"पुढच्या शुक्रवारी त्याला जेवायला घेऊन ये," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सुरकुतलेले दोन्ही तळवे वर केले. "अल्ला साबीरला उदंड आयुष्य देवो."

अशरफनंही हात वर केले.

"आमीन," तो म्हणाला.