लाल रेघ

पेढे संपले तसा सुपडूआबांनी पुतण्याच्या पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला आणि तोही वाटायला घेतला.

"घ्या, घ्या! मन्हा रूपचंदनी विद्या शे. एकेक घ्या."

भोकं पाडलेली कार्डं अंगणभर हातोहात गेली. कुणी भोकातून सूर्य पाहिला. रुक्मिणीबाईनं आपलं कार्ड कपाळाला लावलं, मग शेजारी बसलेल्या लोटनला, आपल्या मुलाला, हळूच विचारलं, "तुन्हा नंबर कसा नही उना रे?"



विद्यापीठात यंदा कॉम्प्युटरचा पहिलाच वर्ग. रनाळे गावचे रूपचंद आणि लोटन एका खोलीत राहून शिकले. असल्या कार्डांवर भोकं पाडून लिहिलेला ज्याचा प्रोग्रॅम सरस, त्याला पुढच्या शिक्षणाची एकुलती एक जागा. आणि ऐन शेवटी लोटनचा कार्डांचा गठ्ठा हरवला. रूपचंदच त्याच्याबरोबर टेबलांखाली शोधत फिरला होता.

"आबा, नका वाटू!" रूपचंद आत्ता घरातून धावत आला. "क्रम मोडना तर प्रोग्रॅम चालाव नही. सोमवारले तठे दखाडना शे!"

आबांचा चेहरा उतरला. घाईघाईनं सगळी कार्डं परत गोळा झाली, नुसता ढीग.

"लोटन, तू बी तेच शिकना ना? लाव बरं," आबा म्हणाले.

"त्याले नको. मी लावस," रूपचंद म्हणाला.

पण आईच्या हातातलं कार्ड घेताना लोटनला त्याच्या वरच्या कडेवर एक लाल ठिपका दिसला होता. तो ढिगापुढे मांडी घालून बसला.

गठ्ठा सांडला तर लावता यावा म्हणून त्याच्या कडेवर तिरकी रेघ ओढून ठेवायची, असं सरांनी सांगितलं होतं. त्या दिवशी रूपचंद वर्गात नव्हता.

एक ठिपका.

त्याच्यापेक्षा जरासा पुढे, दुसरा.

त्याहून पुढे, तिसरा.

सगळे जवळ सरकले. ठिपक्याला ठिपका लागत गेला आणि लोटनच्या लाल शाईची, त्यानंच ओढलेली रेघ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जुळून आली.

"वा रे पठ्ठ्या!" आबा म्हणाले. "पन हाई एक उरनं ना?"

उरलेल्या कार्डाच्या कडेवर लाल काही नव्हतं. ते सगळ्यांत वर ठेवायचं, रूपचंदच्या नावाचं.

लोटननं ते रूपचंदपुढे धरलं.

"हाई तुन्हं."

रूपचंदनं ते घेतलं. गठ्ठ्यासाठी मात्र त्याचा हात पुढे आला नाही.