पसंतीक्रम

अंदाजपंतांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि चिऊने पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज सरळ तिसऱ्यावर नेऊन ठेवलं.

"भाऊजी, असं कसं?" चिऊची आई म्हणाल्या. शेजारच्या घरातलं शिवणयंत्र तसंच टाकून त्या आल्या होत्या. गळ्यात टेप लोंबत होती. "ही तर दोन वर्षं त्याच कॉलेजचा जप करतेय."

"जप सगळेच करतात, वहिनी. या रँकला ते अवघड आहे. आणि ते वर टाकून हुकलं, तर तोवर खालचंही भरून जातं. तेलही गेलं, तूपही गेलं."

चिऊने ओठ दाबले. अंदाजपंतांपुढे कोण बोलणार? फॉर्म भरून देण्याचं त्यांचं हे एवढंसं दुकान, पण प्रवेश परीक्षेची रँक ऐकली की कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं दार उघडेल ते सांगत, आणि बहुतेक वेळा तसंच होई. गल्ली त्यांचं खरं नाव कधीच विसरून गेली होती.

आणि हाच माणूस आज धडधडीत खोटं बोलला होता. जागा रँकप्रमाणे मिळतात. हवं ते कॉलेज वर टाकल्याने कुणाचं काडीचंही नुकसान होत नाही. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हेच घसा फोडून सांगत. पण यंदा त्या कॉलेजची यादी कुठवर खाली येईल याचा हिशेब त्यांनी मांडला होता, आणि तो नेमका या दोन मुलींपाशी येऊन थांबत होता. चिऊ आणि त्यांची स्वतःची लेक. चिऊ रँकमध्ये जराशी पुढे. शेवटची जागा उरलीच, तर ती चिऊ घेणार.

लेक मागच्या टेबलाशी झेरॉक्सचे कागद टाचत होती. तिचा हात मध्येच थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"अर्ज पक्का करायला उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे," अंदाजपंत म्हणाले. "पण आता यात हात घालू नका."

"तुम्ही सांगितलंत ना, मग झालं," वहिनी म्हणाल्या.

त्या शब्दांनी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री ताट पुढे सारून ते उठले. आपल्या पोळीवर तूप कोण ओढत नाही, असं त्यांनी मनाला बजावून पाहिलं. सकाळी चप्पल घालून ते शेजारच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. आत मशीन खडखडत होतं. ते तसेच पुढे गेले, नको असलेली शाई विकत घेऊन आले आणि दिवसभर दुकानातून बाहेर पडले नाहीत.

यादी लागली त्या दिवशी लेकीने घरीच मोबाइल उघडला.

"मला दुसरं मिळालं, बाबा. पहिलं गेलं."

"शक्य नाही. नीट बघ," ते म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला.

तेवढ्यात वहिनी दारात उभ्या राहिल्या. पदराने डोळे पुसत होत्या, आणि हसतही होत्या.

"चिऊला मिळालं, भाऊजी. तेच, मोठं. त्या दिवशी तुम्ही हिला निरोप घेऊन पाठवलं नसतंत, तर आम्ही बसलो असतो हात चोळत."

अंदाजपंतांनी लेकीकडे पाहिलं. ती मोबाइलचा चार्जर गुंडाळत होती.

"बाबांची चूक झाली, मोठं कॉलेजच वर ठेवा, म्हणत धावत आली बिचारी," वहिनी सांगत होत्या. "स्वतःची पोर त्याच रांगेत असताना कोण एवढं करतं हो? आणि हिचं काय झालं?"

"मला दुसरं मिळालं, काकू. तेही चांगलं आहे."

वहिनींचं हसू मावळलं. "म्हणजे आमची चिऊ नसती, तर..."

"तिची रँक माझ्यापुढे होती, काकू. जागा तिचीच होती."

"वहिनी, तो निरोप मी..." अंदाजपंतांनी तोंड उघडलं.

"बाबा," लेक मध्येच म्हणाली, "काकूंना बसायला द्या ना. केव्हाच्या उभ्या आहेत."

त्यांनी खुर्ची पुढे केली. वहिनी बसल्या, रडल्या, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, अंदाजपंतांना पुन्हा पुन्हा हात जोडले आणि गेल्या. ते तेवढा वेळ भिंतीकडे बघत उभे होते.

दार लागलं तसं त्यांनी विचारलं, "तुला कळलं होतं, तर मला का नाही बोललीस?"

लेकीने चार्जर खणात ठेवला.

"मुदतीच्या दिवशी दुपारपर्यंत थांबले होते, बाबा. वाटलं, तुम्ही स्वतःच जाल."